बॉक्सला काय म्हणायचं

१

शब्दांवर पोट भरणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. चोराचं एक बरं असतं, पकडला की मान खाली घालून उभा राहतो. विद्वान पकडला की भाषण करतो. पोलिसातली नोकरी संपवून घरी बसले तेव्हा वाटलं होतं, सुटले. पण नवऱ्याच्या धाकट्या भावाने पुस्तकं छापायचा उद्योग मांडलाय, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "वहिनी, बॉक्स गेला."

कसला बॉक्स, म्हणून विचारलं तर म्हणे बॉक्स हो, बॉक्स. माझा दीर जगातल्या निम्म्या वस्तूंना बॉक्स म्हणतो आणि उरलेल्या निम्म्यांना 'ते हे'. अशा माणसाने इंग्रजी-मराठी पर्यायकोश काढायला घ्यावा, यावरून त्या कोशाची कळा ओळखावी.

चष्म्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांची कचेरी. इंग्रजीतला रोजच्या वापरातला एकेक शब्द घ्यायचा, त्याला आपल्याकडे किती शब्द आहेत ते द्यायचे आणि कोणता कुठे चालतो, कुठे चालत नाही, हे बोलण्यातली उदाहरणं देऊन दाखवायचं, असा त्यांचा बेत. नमुन्याची पानं आधीच वाटून झाली होती. वाहवा झाली होती. उदाहरणं फारच जिवंत आहेत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

ती जिवंत का आहेत, ते शनिवारी दुपारी कळलं. कचेरी बंद व्हायच्या वेळी एक बाई चादरीत गुंडाळलेलं काहीतरी कवटाळून जिना चढून आली. गाडी चालवायला शिकवते. तिचे वडील वर्षापूर्वी वारले. हयातभर ते बाजारांतून, कारखान्यांतून, लोकांच्या अंगणांतून हिंडले आणि माणसं वस्तूंना काय म्हणतात ते कॅसेटवर टिपत राहिले. नमुन्याच्या पानांवरची उदाहरणं त्या कॅसेटवरची आहेत, शब्द न् शब्द, असं तिचं म्हणणं. मुखपृष्ठावर वडलांचं नाव हवं, एवढीच तिची मागणी होती.

दिराची गाळण उडाली. त्याने ते गाठोडं तसंच मागच्या खोलीतल्या कपाटात कोंडलं आणि कोशाच्या तिन्ही कामकऱ्यांना फोन करून सांगितलं की सोमवारी सगळे मिळून कॅसेट ऐकू, बॉक्स आपल्याकडे आलाय. सोमवारी कपाट उघडलं तर बॉक्स नाही. कुलूप शाबूत. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे असते आणि ती तिघांनाही माहीत असते. रविवारी शेवटची मुद्रितं तपासायला तिघांनाही येण्याची मुभा होती.

मी जाऊन कपाट पाहिलं. आत चादर होती, काठाला काठ लावून घडी घातलेली. पळवापळवीच्या धांदलीतही ज्याला पसारा सहन होत नाही, असा चोर मला नोकरीत एकदाही भेटला नव्हता.

२

कॅसेटवाल्यांची ती मुलगी दुपारी आली. रडणारी असेल म्हणून मी मनाची तयारी ठेवली होती, पण ती शिकाऊ चालकांशेजारी बसून आयुष्य काढलेली बाई, घाबरायचं काम तिने दुसऱ्यांवर सोडलेलं. माझ्यासमोर बसली आणि थेट विचारलं, सापडेल का.

मुखपृष्ठावरच्या नावासाठी एवढी धडपड कशाला, असं मी म्हणून गेले. मेलेल्या माणसाला छापील नावाचा काय उपयोग, हे माझं जुनं मत.

"नाव तर हवंच आहे. पण त्या कॅसेटमध्ये बाबांचा आवाज आहे," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठेच नाही. फोनवर नाही, लग्नाच्या चित्रफितीत नाही. सगळीकडे ते दुसऱ्यांनाच बोलतं करत असायचे. गेल्यापासून मी एकही कॅसेट लावली नाही. हिंमत झाली की लावू, म्हटलं. आणि इथे आणून दिल्या."

 ती वस्तू दिसायला कशी आहे, ते मी विचारलं.

"बाबांची पेटी."

लाकडी का, असं मी विचारल्यावर ती पहिल्यांदाच थोडी हसली. पेटी कसली, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्याने चारी बाजूंनी उचकटावं लागायचं, मग ते सुटं होऊन हातात यायचं. पण बाबा त्याला पेटी म्हणायचे, म्हणून घरात सगळे पेटीच म्हणायचे.

मी दिराला हाक मारली. "भावजी, चादर सोडून आत काय आहे ते बघितलंत का?"

त्याने कानाला हात लावले. दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावणार, म्हणाला. खरं तर त्याला बघायचंच नव्हतं, बघितलं की निर्णय घ्यावा लागतो. पण त्याच्या भित्रेपणाचा आयुष्यात प्रथमच कुणाला तरी उपयोग होणार होता. तो डबा पत्र्याचा आहे, हे आता तिघांनाच ठाऊक होतं. मुलीला, मला आणि चोराला.

दोघांनाही मी बजावलं की यापुढे त्या वस्तूला फक्त पेटी म्हणायचं. दिराला ते जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्याला गप्प बसायला सांगितलं.

३

मुद्रितशोधकाला कचेरीत 'अनुस्वार' म्हणतात. डोक्यावर टिंबाएवढे केस उरलेत म्हणून, की तो जिथे तिथे टिंबं शोधत असतो म्हणून, कोण जाणे. रविवारी आलो होतो, पानं तपासली, घरी गेलो, एवढं तो पुटपुटला. मग मी पेटीचा विषय काढला तसा एकदम सावरून बसला. कसली पेटी, लाकडी की लोखंडी, कुलूप होतं का, एका माणसाला उचलेल का? मी म्हटलं पेटी म्हणजे पेटी. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. चोरी त्याच्या मनोरंजनासाठी झाल्यासारखं त्याचं चाललं होतं.

त्याच्यावर संशय घ्यायला कारण एकच दिसलं. मुलीच्या वडलांना तो ओळखत होता. ते इथे यायचे, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. कुणाकडे यायचे, असं विचारल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पुसला. हा माणूस खोटं बोलायलाही कुणाच्या परवानगीची वाट बघत असावा.

उपसंपादक बाई तरतरीत निघाल्या. नमुन्याच्या पानांवरच्या उदाहरणांवर त्यांनी मोठा निबंध लिहिलाय आणि त्यावर त्यांना पदवी मिळायची आहे. उदाहरणं उचललेली निघाली तर निबंधही रद्दीत जाणार. म्हणजे कारण भरभक्कम. मी पेटी म्हटल्याबरोबर त्यांनीही विचारलं, केवढी पेटी, कशाची? आणि वर शांतपणे सांगितलं की रविवारी त्या कचेरीत आल्याच नव्हत्या.

खालच्या चष्मेवाल्याकडे मी सहज डोकावले. दुकान रविवारी उघडं असतं. तो म्हणाला, त्या बाई आल्या होत्या की. जिना चढताना त्यांनीच हात केला मला.

मी परत वर गेले आणि बाईंना त्यांच्याच खुर्चीत गाठलं. तरतरी उतरली. त्या म्हणाल्या, चोरायला नव्हते आले, ऐकायला आले होते. सगळ्यांच्या आधी आपण एकटीने ऐकून खात्री करून घ्यावी असं वाटलं. घड्याळामागची किल्ली काढून कपाट उघडलं तर आत नुसती चादर.

"घडी घातलेली?" मी विचारलं.

"हो. म्हणून तर वाटलं, प्रकाशकांनीच दुसरीकडे हलवलं असेल."

खोटं पकडलं गेल्यावर माणूस खरं बोलतो, हा समज भाबडा आहे. पण या बाईने रुमाल शोधताना माझ्यासमोर पर्स रिकामी केली होती आणि त्यात जगातल्या सगळ्या पावत्या, गोळ्या आणि तुटके कंगवे एकत्र नांदत होते. या बाईच्या हातून चादरीची तशी घडी पडणं अवघडच होतं.

उरले मुख्य संपादक. त्यांना सगळे 'कोशमहर्षी' म्हणतात. टिंगल म्हणून म्हणतात, पण त्यांना ती पदवी वाटते.

४

त्यांच्या खोलीत शिरताना मी स्टूल ओढून घेतलं आणि म्हटलं, ही खुर्ची घेते.

"ते स्टूल आहे," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "पाठ असेल ती खुर्ची."

टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. पुढच्या काही मिनिटांत त्यांनी माझ्या 'फडक्या'चं 'पुसणं' केलं, 'पिशवी'ची 'थैली' केली आणि 'चौकशी' हा शब्द मी किती ढिलाईने वापरते ते समजावलं. नोकरीत मला शिव्या पुष्कळ मिळाल्या, पण शिव्या देणाऱ्यांची मजल माझ्या शब्दांची शिकवणी घेण्यापर्यंत गेली नव्हती.

मग मी म्हटलं, पेटी चोरीला गेली.

महर्षी म्हणाले, झालं ते वाईट झालं. ते प्रकरण लवकर मिटावं. त्या बाईंची ती वस्तू त्यांना मिळायला हवी.

प्रकरण. ती वस्तू. मी मुद्दाम आणखी पाचसात वाक्यांत पेटी घोळवली. एकदाही त्यांनी तो शब्द उचलला नाही आणि एकदाही खोडला नाही. वडील इथे येत होते का, असं विचारल्यावर म्हणाले की असे हौशी लोक बरेच येतात. यायचे, बडबडायचे, चहा पिऊन जायचे.

त्या हौशी शब्दाला जी किंचित वास आल्यासारखी नाक मुरडण्याची जोड होती, ती बघून मला या माणसाची किळस आली. पण किळस म्हणजे पुरावा नव्हे.

जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात गणित बसलं. अनुस्वाराने विचारलं कसली पेटी. बाईंनी विचारलं केवढी पेटी. पेटी म्हटल्यावर कुणीही विचारेल. आणि ज्या माणसाला माझं स्टूल खुर्ची झालेलं एक क्षण चाललं नाही, त्याने मात्र पेटी कसली ते विचारलंच नाही. कारण त्याला विचारायची गरज नव्हती. आणि दुरुस्त करायची सोय नव्हती.

मला कळलं होतं. पण हे कुणाला सांगितलं असतं तर तो महर्षीच सगळ्यात आधी हसला असता. पुरावा त्याच्याच तोंडून यायला हवा होता आणि त्याचं तोंड आता सावध झालं होतं.

५

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे. कोणताही शब्द छपाईला जाण्याआधी त्याचं वाचन होतं. अनुस्वार उदाहरणं वाचतो, पण मराठी शब्दाच्या जागी मूळचा इंग्रजी शब्दच ठेवून. महर्षी डोळे मिटून बसतात आणि तिथे कोणता शब्द हवा ते सांगतात. त्यांचं उत्तर छापलेल्याशी जुळलं तर उदाहरण पक्कं. डोळे उघडायचे नाहीत, थांबायचं नाही, विचार करायचा नाही. विचार केला तर पुस्तकातला शब्द येतो, म्हणे, रोजचा येत नाही. या प्रकाराचा महर्षींना इतका गर्व आहे की पाहुणे आले की मुद्दाम वाचन ठेवतात.

मंगळवारी मी पाहुणी म्हणून गेले. मुलीलाही बोलावलं होतं. कोशाचं काम कसं चालतं ते तिला दाखवू या, असं दिराकरवी मी महर्षींना सुचवलं, आणि महर्षी खुलले. हौशी माणसाच्या मुलीला खरी विद्वत्ता दाखवायची संधी कोण सोडतो?

शब्द बाकी राहिले होते त्यातलाच होता. बॉक्स. अनुस्वाराच्या हातातल्या पानांत एक ओळ मी सकाळीच घालायला लावली होती. का, ते त्याला सांगितलं नव्हतं. विचारायची परवानगी नाही म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं.

महर्षींनी डोळे मिटले. वाचन सुरू झालं.

"सुताराने हत्यारांचा बॉक्स उचलला."

"पेटी."

"नवीन बुटांचा बॉक्स फेकू नकोस."

"खोका."

"गोळ्यांचा बॉक्स खिशातच असू दे."

"डबी."

"मतांचा बॉक्स सगळ्यांसमोर उघडला."

"पेटी."

माणूस तुच्छ होता, पण कामात वाकबगार होता, हे मला कबूल करावं लागलं. शब्द नळातून पाणी यावं तसे येत होते. अनुस्वाराचा वेग वाढला.

"दुकानातून कॅसेटचा बॉक्स आला."

"खोका."

"पोहणाऱ्यांनी कपडे बॉक्समध्ये ठेवून कुलूप लावलं."

"कप्पा. बॉक्स म्हणत नाहीत तिथे, काढा ते."

"त्या बाईंच्या वडलांनी कॅसेट बॉक्समध्ये ठेवल्या होत्या."

"डबा."

अनुस्वार पुढची ओळ वाचायला गेला आणि थांबला.  महर्षींनी डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते.

मी उपसंपादक बाईंना विचारलं, तुम्ही काय म्हणाला असतात? त्या म्हणाल्या, पेटी. तुम्हीच तर पेटी म्हणालात. अनुस्वारही पेटी म्हणाला. दीर म्हणाला, मी तर बॉक्सच म्हणतो.

महर्षींनी खाकरून सुरुवात केली. कॅसेट या साधारणपणे डब्यात ठेवण्याचा प्रघात आहे, आणि...

"आत्ताच तुम्ही कॅसेटच्या बॉक्सला खोका म्हणालात," मी म्हटलं. "ती पेटी आहे, असं मी तुम्हाला काल दहा वेळा तरी सांगितलं. ती पत्र्याची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? झाकण सुटं निघतं हे कुणी सांगितलं? यांच्या घरी तिला पेटी म्हणतात. या खोलीत तिला डबा फक्त तो म्हणेल, ज्याने ते झाकण स्वतः उचकटलंय."

विद्वान पकडला की भाषण करतो. याने केलं. त्या माणसाला शास्त्र नव्हतं, पद्धत नव्हती, नुसता भटकत होता. उदाहरणांना आकार आपण दिला, जागा आपण दिली. तो विश्वासाने येऊन ऐकवायचा आणि आपण उतरवून घ्यायचो, यात चोरी कुठे आली? भाषणात वडलांचा उल्लेख करताना तो एकदाही त्यांचं नाव घेत नव्हता. मुलगी समोर बसून सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं.

"डबा कुठे आहे?"

६

डबा त्यांच्या घरी होता. दीर सोबत जाऊन घेऊन आला. झाकण सुटं, वेगळ्या पिशवीत. आत कॅसेट ओळीने, उंचीप्रमाणे लावून ठेवाव्यात तशा, जरी सगळ्यांची उंची एकच असली तरी.

मुलीने सोबत आणलेल्या यंत्रात पहिली कॅसेट घातली. सुरुवातीला नुसती खरखर. मग एका म्हाताऱ्याचा आवाज: याला आम्ही टोपली म्हणतो, झाकण असलं की करंडी. पुन्हा खरखर. मग, नाही नाही, ते लग्नाबिग्नाला. खरखर. बाबांचा आवाज येईना. तिने दुसरी लावली. तिसरी लावली. सगळीकडे उत्तरं होती, प्रश्न नव्हते.

मी महर्षींकडे पाहिलं. ते अगदी सहज म्हणाले, "एकही उदाहरण पुसलेलं नाही. उदाहरणांना मी धक्का लावलेला नाही."

दोन दिवस बसून त्याने एकेक प्रश्न शोधून पुसला होता. विचारणारा गेला की कॅसेट कुणाच्याही होतात. पुढच्या आठवड्यात याच कॅसेट स्वतःच्या म्हणून घेऊन आला असता आणि डोळे मिटून त्याने त्यांचं श्रेयही घेतलं असतं. खुन्यांशी मी सभ्यपणे बोललेली आहे. याच्याशी बोलायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता, आणि त्याच्याकडे तर सगळे होते. मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. दीर मध्येच म्हणाला, मुखपृष्ठाचं काय करायचं वहिनी, महर्षींचं नाव एकदम काढायचं म्हणजे. मी म्हटलं, भावजी, ते नाव राहिलं तर मी स्वतः प्रत्येक दुकानात जाऊन ते खोडीन. त्याला ते पटलं, किंवा मी खरंच जाईन हे पटलं. मुखपृष्ठावर मुलीच्या वडलांचं नाव लागलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ती कॅसेटमागून कॅसेट लावत राहिली. शेवटच्या कॅसेटच्या अगदी टोकापर्यंत महर्षींचा हात पोचला नव्हता. तिथे थोडासा तुकडा उरला होता. एक जाडसर, जरासा दमलेला आवाज म्हणाला, "आणि घरात काय म्हणता हो तुम्ही याला?" एवढंच. पुढे कॅसेट संपली.

ती ते दुसऱ्यांदा ऐकेल असं मला वाटलं होतं. तिने ऐकलं नाही. पहिली कॅसेट पुन्हा घातली, सुरुवातीला नेली आणि बटण दाबलं. खरखर सुरू झाली. ती यंत्राकडे वाकली आणि शिकाऊ माणसाला गिअर कुठे आहे ते सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "आणि घरात काय म्हणता हो तुम्ही याला?"

म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिलं. याला आम्ही टोपली म्हणतो, झाकण असलं की करंडी.

"मग करंडी रोज वापरता का?" तिने खरखरीत विचारलं.

नाही नाही, म्हातारा म्हणाला, ते लग्नाबिग्नाला.

पुढचा प्रश्न तिने उत्तर येण्याआधीच विचारला. अनुस्वार दाराशी उभा होता, तो आत येऊन बसला. मी खिडकी लावून घेतली, कारण खालच्या रस्त्यावरचा आवाज फार येत होता.